स्मशानाची मर्यादा

वाचकहो, आज थोडे कडू बोलायचे आहे. विषय मंगल नाही, पण टाळावा असाही नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अनेक गावांत अमावास्या उलटली की सकाळी स्मशानात नको ते दृष्टीस पडते. टाचण्या टोचलेली लिंबे, बिबे, काळ्या फडक्याची बाहुली, गुलाल माखलेला नारळ, पत्रावळीवर दहीभाताचा उतारा, कधी कापलेले कोंबडे, तर कधी बाहुलीवर टाचलेला एखाद्या जित्याजागत्या माणसाचा फोटो. तिसऱ्या दिवशी राख सावडायला आलेली माणसे आपल्या आईच्या, बापाच्या चितेशेजारी हे पाहतात. काही न बोलता काठीने बाजूला सारतात आणि मनात एक भीती घेऊन घरी जातात.

हे वाईट आहे, असे कुणीही म्हणेल. तेवढे म्हणण्यासाठी मासिकाची पाने अडवायचे कारण नाही. मला उत्तर द्यायचे आहे ते एका वेगळ्या बोलण्याला. हल्ली असे सांगणारे भेटतात की, “लिंबू-बाहुलीवाले अडाणी आहेत. आम्हीही स्मशानात साधना करतो, पण रीतीने करतो. वेशीवर नारळ ठेवून क्षेत्रपालाची परवानगी मागतो. विडा-सुपारी ठेवतो. चितेला, थडग्याला पाय लावत नाही. परतताना मागे वळून पाहत नाही, काम झाले की जागा झाडून येतो. मेलेल्यांचा मान आम्ही तुमच्यापेक्षा जास्त राखतो.” हे बोलणे गोड आहे. बोलणाऱ्यांपैकी काहींच्या गळ्यात तुळशीची माळही असते. म्हणून हा प्रश्न दुसऱ्या कुणाचा राहत नाही, आपल्या घरचा होतो.

माझे म्हणणे सरळ आहे. स्मशानाला मर्यादा आहे, ती कडक आहे, आणि ती पाळायची तर तिथे जादूटोण्याला जागाच उरत नाही. अदबीने केलेली करणी ही करणीच.

आधी त्या परवानगीचे पाहू. ती कुणाकडे मागितली? ज्याची राख तिथे आहे तो आता हो-नाही म्हणू शकत नाही. मग त्याच्या मुलाबाळांना विचारले का? दिवसाउजेडी त्यांच्या दारात जाऊन, “तुमच्या आईच्या चितेतला कोळसा मला साधनेला हवा आहे, नेऊ का?” असे म्हणायची कुणाची छाती झाली का? ग्रामपंचायतीला विचारले का? नाही. विचारले ते क्षेत्रपालाला, आणि क्षेत्रपालाने नकार दिल्याचे आजवर कुणी ऐकलेले नाही. जिथून नकार येण्याची सोयच नाही, तिथे परवानगी मागणे हा देखावा झाला. उंबऱ्याबाहेर चपला काढून आत शिरला म्हणून चोर पाहुणा ठरत नाही.

ते म्हणतील, “पण आम्ही श्रद्धेने करतो.” माउलींच्या पायाशी बसून याचे उत्तर शोधू. गीतेच्या सतराव्या अध्यायाची सुरुवातच या प्रश्नाने होते. शास्त्राचा विधी सोडून, पण श्रद्धेने जे पूजन करतात, त्यांची गती कोणती, असे अर्जुन विचारतो. भगवंत त्याला सांगतात की श्रद्धाही तीन प्रकारची असते आणि प्रेतांना, भूतगणांना पूजणाऱ्यांची श्रद्धा तामस असते. ज्ञानेश्वरीत या ठिकाणी जीव मारून बळी देणाऱ्यांचा आणि संध्याकाळी स्मशानात भूतप्रेतांची पूजा करणाऱ्यांचा माउलींनी थेट उल्लेख केला आहे. आपल्या ग्रंथात स्मशानसाधनेबद्दल काही सांगितलेले नाही, असे म्हणायला जागा नाही. सांगितलेले आहे, आणि स्पष्ट सांगितलेले आहे. आपण ते पारायणात भरभर वाचून पुढे जातो, हा दोष आपला. श्रद्धा आहे एवढ्याने काम पवित्र होत नाही. श्रद्धा कशावर आहे आणि तिच्यातून काय मागितले आहे, हे पाहावे लागते.

आणि मागणे काय असते? कुणाचा धंदा बुडावा, कुणाची सून माहेरी जावी, कुणाची विहीर आटावी, भावकीतला कुणीतरी अंथरुणाला खिळावा. किंवा मग गुप्तधन मिळावे, मटक्याचा आकडा कळावा. याच्या शेजारी पसायदान ठेवून पाहा. नऊ हजार ओव्या सांगून झाल्यावर माउलींनी विश्वात्मक देवाकडे जे दान मागितले, त्यात दुष्टांचे वाटोळे मागितलेले नाही. त्यांच्या मनातला वाकडेपणा जावा आणि त्यांनाही चांगल्या कर्माची गोडी लागावी, एवढेच मागितले. ज्या मुलांच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले, ज्यांना समाजाने वाळीत टाकले, त्या घरातले हे मागणे आहे. मनात वैर धरायला त्यांच्याइतके कारण कुणाला होते? पसायदान म्हणणाऱ्या तोंडाने मारणाचा मंत्र म्हणता येत नाही. दोन्हींपैकी एक खोटे आहे, हे समजून चालावे.

मग नाथपंथाचे नाव पुढे येते. “आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही तुमचीच परंपरा ना? शंकर स्वतः स्मशानात राहतो, आणि तुमच्या विठ्ठलाने तर मस्तकावर शिवलिंग धरले आहे!” सगळे खरे आहे, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण शंकर स्मशानात बसला तो सर्व काही सोडून. अंगाला राख फासली ती ‘या देहाचे शेवटी एवढेच होणार’ हे दाखवायला. तुम्ही स्मशानात जाता ते काही मिळवायला. जागा एक, पण दिशा उलटी. आणि निवृत्तिनाथांनी त्या परंपरेतून ज्ञानोबांच्या हाती काय दिले हे अठराव्या अध्यायाच्या शेवटी लिहून ठेवले आहे. त्या गुरुपरंपरेतून गीतेचा अर्थ आला, कवटी आली नाही.

याहून जड एक आक्षेप आहे, आणि तो प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. “तुम्ही वारकरी काय वेगळे करता? आळंदी समाधी, पैठण समाधी, अरणला सावतोबांची समाधी. सोलापुरात तर शहराच्या मधोमध तळ्यात सिद्धरामेश्वरांची समाधी आणि संक्रांतीला नंदीध्वजांची केवढी यात्रा! तुम्हीही देह ठेवलेल्यांच्याच जागी डोके टेकता.”

टेकतो. पण कसे, ते पाहा. समाधीपुढे जे काही होते ते उजेडात होते. टाळ-मृदंगाच्या गजरात होते, बायाबापड्या, पोरेबाळे, परगावचा, परजातीचा, सगळ्यांच्या समोर होते. तिथे म्हटलेला शब्द न् शब्द मोठ्याने म्हटलेला असतो. समाधीवरून आपण बुक्का घेतो, संताचे हाड घेत नाही. तिथे जाताना कुणाचा फोटो खिशात नसतो. म्हणून मी एक साधी कसोटी सुचवतो. जे चारचौघांत, दिवसा, ज्याच्याविषयी आहे त्याच्यासमोर मोठ्याने म्हणता येते, ते भजन. ज्याला अमावास्येचा अंधार लागतो आणि ‘कुणाला सांगू नका’ लागते, ते भजन नव्हे, मग त्यात देवाचे नाव शंभर वेळा येवो.

आता मेलेल्यांचा मान कसा राखावा, हे आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला विचारू. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले. कामावरची वेठीची माणसे दगडमातीखाली गाडली गेली. त्यांत चोखोबा होते. बातमी कळल्यावर नामदेवराय पंढरीहून तिथे गेले. ढिगाऱ्यात किती जणांची हाडे, कुणाची कोणती ओळखायची कशी? परंपरा सांगते की नामदेवरायांनी एकेक हाड कानाशी धरले आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून उचलले. ती हाडे त्यांनी पंढरपुरात आणली आणि देवळाच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला त्या देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्याला देवाच्या दारात कायमची जागा मिळाली. पुढे नामदेवरायांची पायरीही तिथेच झाली.

वाचकहो, ही कथा आपण कीर्तनात शंभर वेळा ऐकली. एकदा या प्रश्नासाठी ऐका. नामदेवरायांनीही मेलेल्याचे हाड हातात घेतले. मांत्रिकही घेतो. नामदेवरायांनी ते कानाशी नेले, मेलेल्याचे म्हणणे ऐकण्यासाठी. मांत्रिक त्याच्यावर आपला मंत्र घालतो, आपले म्हणणे त्याच्याकडून करवून घेण्यासाठी. नामदेवरायांनी चोखोबांकडून काही घेतले नाही, उलट ज्या मानाचा तो धनी होता तो मान त्याला दिला. स्मशानाची मर्यादा कशाला म्हणतात, ते एवढ्यातच आहे. मेलेल्याकडे द्यायला जावे, घ्यायला जाऊ नये. हे एकदा मनात ठसले की नारळ, विडा, क्षेत्रपाल यांची सगळी रीत आपोआप गळून पडते.

इथे थांबलो तर लेख मेलेल्यांपुरता राहील. पण करणीचा घाव शेवटी जिवंतांवर पडतो. स्मशानात फोटो सापडला की गावात कुजबुज सुरू होते, “हे कुणी केले?” आणि बोट बहुतेक वेळा एखाद्या एकट्या बाईकडे जाते. विधवेकडे, निपुत्रिकेकडे, भावकीत जमिनीचा हिस्सा मागणारीकडे. तिचे पाणी तुटते, तिच्या घरचा हळदीकुंकवाचा उंबरा बंद होतो, लेकराला शाळेत कुणी शेजारी बसू देत नाही. तिने काही केलेले नसते. दुसरीकडे ज्याचा फोटो होता तो दवाखाना सोडून मांत्रिकाच्या दारात बसतो, आणि साधा ताप, साधी कावीळ हाताबाहेर जाते.

आणि ही वाट कुठे जाऊन थांबते? सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये २० जून २०२२ रोजी एकाच कुटुंबातल्या नऊ जणांचे मृतदेह सापडले. आधी सर्वांना वाटले, कर्जापायी सगळ्यांनी मिळून जीव दिला. काही दिवसांतच पोलिसांनी दोघांना अटक केली. गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे घेतले आणि शेवटी विष दिले, असा त्यांच्यावरचा आरोप आहे. न्याय न्यायालय करील. पण ते अटक झालेले दोघे आपल्या सोलापूरचे होते, हे आपण विसरू नये. शिकलेसवरलेले, नोकरी करणारे ते कुटुंब होते. लिंबावर विश्वास बसला की मांडणीवर बसतो, मांडणीवर बसला की हंड्यावर बसतो. मांत्रिकाचा धंदा पायरीपायरीने चढत जातो आणि पहिली पायरी नेहमी साधी, निरुपद्रवी, ‘करून पाहायला काय हरकत आहे’ अशीच असते.

आता कायद्याविषयी दोन शब्द, कारण आपल्यात अजून गैरसमज आहे. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. तो होण्याआधी वारकऱ्यांतल्या अनेकांनी त्याला विरोध केला होता. वारी बंद होईल, कीर्तन गुन्हा ठरेल, अशी भीती होती. देव, भक्ती यांविषयी दाभोलकरांशी आपला मतभेद असेल, तो असू द्या. पण कायदा वाचून तर पाहा. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असे त्यातच लिहून ठेवले आहे. मग लागू कशाला आहे? अमुक माणूस करणी करतो, चेटूक करतो असे ठरवून त्याचे जगणे मुश्कील करणे, भुताला आवाहन करून लोकांत घबराट पसरवणे, गुप्तधनासाठी करणी-भानामतीच्या नावाने अमानुष कृत्य करणे, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. शिवाय कुणाच्या भावना दुखवाव्यात म्हणून अंत्यसंस्काराच्या जागी शिरणे किंवा प्रेताची विटंबना करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली वेगळा गुन्हा आहे.

स्मशानात लिंबू ठेवणारा प्रत्येक जण तुरुंगात जाईल असे नाही, आणि जावा असे माझे म्हणणेही नाही. पण यांतल्या कोणत्या कृत्याला वाचवायला वारकऱ्याने पुढे यावे? तुकोबांनी शेंदूर फासलेल्या दैवतांची, अंगात आणणाऱ्यांची आणि नवसाने पोरे वाटणाऱ्यांची जी हजेरी घेतली, तिच्यापुढे हा कायदा मवाळच म्हणायचा. भुतांचे भय इतके निरर्थक वाटे की तुकोबांनी थट्टेने पंढरीच्या देवालाच भूत म्हटले, जे आल्यागेल्याला धरते आणि मग सोडत नाही. ज्याला ते भूत लागले त्याला दुसरे लागत नाही. लागते असे वाटत असेल, तर पंढरीचे अजून लागलेले नाही.

तर मग आपण करायचे काय?

पहिले, उतारा ठेवणाऱ्या बाईवर ओरडू नका. ती आपली वैरीण नाही. तिचे लेकरू आजारी आहे, नवरा दारू पितो, म्हैस दगावली आहे. तिला भीती वाटली तेव्हा तिच्या दारात पहिला कोण गेला, हा खरा प्रश्न आहे. मांत्रिक गेला, कारण आपण गेलो नाही. आपल्या भजनी मंडळात वीस माणसे असतील, तर त्यांतल्या दोघांनी तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जावे. तिच्या ओसरीवर एक दिवस हरिपाठ ठेवावा. शेतात साप चावला तर देवऋष्याकडे नव्हे, थेट दवाखान्यात गाडी न्यावी, कारण विषावरची लस तिथेच मिळते.

दुसरे, ज्या बाईवर गाव बोट दाखवील, तिच्या घरचे पाणी आपण सर्वांदेखत प्यावे. सप्त्यात तिच्या हातचा नैवेद्य घ्यावा, आणि कीर्तनकाराने तिचे नाव मानाने घ्यावे. माळकऱ्याने एवढे केले तरी कुजबूज निम्मी होते.

तिसरे, स्मशान झाडा. महिन्यातून एकदा, शक्यतो अमावास्येच्याच दिवशी, सकाळी टाळ घेऊन जा. सापडेल ते लिंबू, बाहुली, नारळ गोळा करून खड्ड्यात पुरा. फोटो सापडला तर तो गावभर दाखवू नका, तिथेच नष्ट करा. मात्र धमकी असेल, जनावर कापलेले असेल किंवा चितेतले काही नेलेले दिसले, तर पोलीस ठाण्यात कळवा. निवाऱ्याचा पत्रा उडाला असेल तर बसवा, पाण्याची टाकी नसेल तर ग्रामसभेत मागा, राख सावडणाऱ्यांना सावली मिळावी म्हणून दोन झाडे लावा. लिंगायत बांधवांची रुद्रभूमी असो, कब्रस्तान असो, ख्रिस्ती बांधवांची दफनभूमी असो, तिथली मर्यादाही तीच. तिथे राखेऐवजी माती आहे, एवढाच फरक.

आणि चौथे, जे बोलायला जड जाते. आपल्या कितीतरी गावांत अजून जातीजातीची वेगळी स्मशाने आहेत. एकाला शेड आणि रस्ता, दुसऱ्याला ओढ्याकाठची चिखलाची जागा. चोखोबांची हाडे देवाच्या दारात नेणाऱ्या नामदेवरायांचे आपण वारस म्हणवतो आणि गावातल्या चोखोबाला वेगळ्या ओढ्यावर जाळतो. लिंबू-टाचणीने स्मशान बाटते म्हणून आपण रागावतो, पण हा बाट त्याहून जुना आहे. स्मशान गावात एकच असावे, हा ठराव भजनी मंडळाने ग्रामसभेत मांडावा. मांडणाऱ्यांची संख्या थोडी असेल, तरी मांडावा.

वारकऱ्याची शेवटची यात्रा टाळ-मृदंगाच्या गजरात निघते. पुढे दिंडी, खांद्यावर देह, तोंडी नाम. रडणारेही गात असतात. त्या वाटेवर कुणाला भुताची भीती वाटत नाही, कारण ती वाट नामाने भरलेली असते. त्या वाटेच्या टोकाला जी जागा आहे, ती आपल्या माणसांची आहे. तिथे हात जोडून जा, झाडू घेऊन जा, कुणाला खांदा द्यायला जा. मागायचे असेल ते विठोबाकडे मागा, आणि मोठ्याने मागा, म्हणजे शेजाऱ्यालाही ऐकू जाईल.

रामकृष्णहरी!